रकाना सातवा

वेल मोजायची तर मुळापासून एकशे तीस सेंटिमीटर,
वेलीच्याच अंगाने.
ती जमिनीवर लोळली तर टेपनेही लोळायचं,
तिने वळसा घेतला की टेपनेही घ्यायचा.
डॉक्टर ओंदिनाने हे पहिल्याच दिवशी शिकवलं.
तांबडा रंग, पत्र्याचा बिल्ला, खिळा नाही, तार.
सैल बांध, म्हणाली, तिला अजून जाड व्हायचंय.

बाबा हसले तेव्हा.
चाळीस वर्षं ते वेली तोडत आलेले,
माद्रे दे दिओसच्या या काठावर,
कास्तान्याच्या एकेका झाडावरून.
वेल चढली की झाड फळं धरत नाही.
नारळाएवढं फळ, कुऱ्हाडीने फोडायचं,
आत फोडींसारख्या रचलेल्या बिया.
त्या बियांवर माझी शाळा, आईचे दात,
होडीचं इंजिन, तेही दोनदा.
"मिठी मारणारी वेल," ते म्हणत,
"झाडाचा खिसा चाचपत असते."

संशोधनाला असाच हात हवा होता.
दोरीपलीकडच्या तुकड्यात प्रत्येक वेल कापायची,
मग दहा वर्षं झाडं मोजत बसायची.
बाबांना रोजावर घेतलं.
जन्मभर जे फुकट केलं
त्याचे दिवसाला साठ सोल.
अलीकडच्या तुकड्यात मात्र
पानालाही हात लावायचा नाही.
अलीकडे मी.

दुपारी दोरीच्या दोन बाजूंना बसून
आम्ही एकाच डब्यातला भात खायचो.
तहान लागली की बाबा त्यांच्या बाजूची वेल तोडून
माझ्या तोंडावर धरायचे,
थंड पाणी, किंचित तुरट.
"देल्फा, हेही लिही."
त्याला रकाना नव्हता.

रात्री भिंगाखाली आडवा काप बघायचे.
झाडासारखी शहाणी वर्तुळं नाहीत,
लाकडात चार फटी, क्रूस काढल्यासारख्या.
पिळलं तरी तुटू नये
म्हणून आधीच चिरलेलं लाकूड.
बाबांना दाखवलं.
त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं
आणि म्हणाले, दिव्याला किडे फार येतायत.

चौथ्या वर्षी, बिल्ला दोन हजार दोनशे चौदा.
अलीकडच्या तुकड्यात, कास्तान्याच्याच बुंध्याशी.
बिल्ला जागेवर, तार सैल,
आणि त्याच्या वर हातभर अंतरावर काहीच नाही.
उरलेली वेल उंचावर लोंबत होती,
पानं तपकिरी, दोर तुटलेल्या घंटेसारखी मुकी.
घाव तिरपा, डावीकडे उतरलेला.
या नदीवर डावखुरे कोयते दोनच.
त्यातला एवारिस्तोकाका गेल्या साली वारला.

रकाना सातवा: मृत्यूचं कारण.
झाड पडलं. फांदी पडली. वाळली.
सापडली नाही. इतर.

घरी बाबा कोयत्याला धार लावत होते.
मी काही विचारलं नाही.
दगड थांबवून तेच म्हणाले,
"दोरी तुमची. झाड त्याआधीचं."
पुन्हा दगड सुरू.

मी "इतर" वर खूण केली.
शेरा लिहिला: कोयता, डावखुरा.
डावखुरा खोडलं.
कागद तिथे इतका पातळ झाला
की पलीकडच्या पानावरची झाडं दिसायला लागली.
ओंदिनाने ते पान उजेडाकडे धरलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पुढचा आकडा वाचायला सांगितला.

यंदा बाबांना बरोबर नेलं.
गुडघे दुखतात, बुंध्याला टेकूनच बसले.
घावाखालून तीन धुमारे फुटलेत,
फिकट, आधाराला चाचपडणारे,
एक त्यांच्या कॉलरपर्यंत पोचलेला.
"हिला बिल्ला?"
"अजून नाही. एक सेंटिमीटर जाड झाली की."
"किती वर्षं?"
ते कुणालाच माहीत नाही, मी म्हटलं.

त्यांनी धुमारा दोन बोटांत धरला,
नाडी बघावी तसा, मग सोडला.
"तू मोज," म्हणाले,
"मी असलो तर कापीन."